चौथ्या दाराचा खटका

आईला मी गाडीत कोंडून गेले होते, हे मला कळलं ते औषधांच्या दुकानातून परत आल्यावर.

मे महिन्यातली दुपार होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आम्ही दोघी परतत होतो. कर्वे रस्त्यावर एका दुकानासमोर गाडी लावली, "तू बस, मी थेंब घेऊन येते" म्हटलं आणि दार लोटून चालता चालता रिमोटचं बटण दाबलं. विचार करून दाबलं नव्हतं. गाडीतून उतरल्यावर अंगठा पंधरा वर्षं जे करत आलाय, तेच त्याने केलं. दुकानात गर्दी होती, थेंबांची बाटली आतल्या फडताळातून शोधून आणावी लागली, दहा-बारा मिनिटं गेली. परत येऊन बटण दाबलं तर तीन दारांच्या खुंट्या वर आल्या. मागचं डावं दार, म्हणजे आईचं दार, तसंच राहिलं.

आई काचेपाशी सरकून बसली होती. दाराच्या वरच्या कडेला लॉकची जी छोटी काळी खुंटी असते, तिच्याभोवती तिने पदराचं टोक गुंडाळलं होतं आणि दोन्ही हातांनी ती खुंटी वर ओढत होती. संधिवाताने तिच्या बोटांची पेरं वाकडी झालीत. दोन बोटांच्या चिमटीत तिला सुईच काय, जपमाळेचा मणीही नीट धरता येत नाही. पदर गुंडाळला की खुंटी जाड होते आणि निसटत नाही, हा उपाय तिने तिथेच बसून शोधला होता. तरी खुंटी हलत नव्हती.

मी पुढच्या दारातून वाकून हात घातला आणि ओढली. मलाही जोर लावावा लागला. आईच्या कपाळावर केस घामाने चिकटले होते.

"काच तरी खाली करायचीस गं."

"ते हँडल कुठं फिरतंय माझ्याच्यानं," ती म्हणाली आणि पाण्याची बाटली मागितली.

तिने तक्रार केली नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. रात्री पोळ्या करताना मी पुन्हा विषय काढला तेव्हा तिने सांगितलं, की ते दार महिनाभर असंच करतंय. कुठे पोचलं की मी डिकीतून पिशव्या काढायला मागे जाते. तेवढ्यात ती आपली सीटवरून सरकत सरकत उजव्या दाराने उतरते. उजव्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूच्या. जिथून रिक्षा, दुचाक्या, पीएमटी जातात त्या बाजूने माझी ब्याऐंशी वर्षांची आई महिनाभर उतरत होती, आणि मी डिकीत वाकलेली होते. "उगाच तुला कशाला सांगायचं, म्हटलं, तुझ्यामागे काय कमी कामं आहेत." आणखीही एक गोष्ट ती दोन-तीनदा बोलली होती, ती मात्र मी ऐकून सोडून दिली होती: "या दारातून ओल्या फडक्यासारखा वास येतो." त्या वाक्यात अख्खं निदान होतं.

उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० ते २२ अंशांनी वर जाऊ शकतं, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. म्हणजे "दोन मिनिटांत येते" या वाक्याला गाडीच्या आत फारसा अर्थ नसतो. हे मला माहीत होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. काचेतून आत आलेली उष्णता बाहेर का जात नाही, ते दर वर्षी फळ्यावर आकृती काढून समजावते.

त्या रात्री मला राहून राहून २००५ आठवत होतं. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पावसात मुंबईने जी माणसं गमावली, त्यात पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांमध्ये अडकलेलीही होती. बाहेरून पाण्याचा दाब, आतून दगा देणारी लॉकं आणि विजेवरच्या काचा. नंतर गाडीत एक हातोडी ठेवावी, हे घरोघरी सांगितलं जाऊ लागलं. मीही ठेवली आहे. बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात, कोपऱ्याजवळ टोकदार घाव बसला की त्यांचा साखरेसारखा चुरा होतो. पुढची काच तशी फुटत नाही, कारण ती दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. हे सगळं पाठ आहे. पण ती हातोडी माझ्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या, सीटखाली आहे. मागे बसलेल्या आईचा हात तिथे पोचत नाही, आणि पोचला तरी त्या बोटांनी घाव घातला जाणार नाही. मी ती ठेवली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त मीच होते.

खुंटीचंही तसंच आहे. पूर्वीच्या गाड्यांत ही खुंटी वरच्या बाजूला रुंद असायची, मोठ्या डोक्याच्या खिळ्यासारखी. काचेच्या वरच्या फटीतून तारेचा फास सोडायचा, तो डोक्याखाली अडकवायचा आणि ओढायचा, की दार उघडलं. चोरांना हे जमायला लागलं तेव्हा खुंटी सरळ, गुळगुळीत आणि बारीक झाली. लॉक केल्यावर ती जवळजवळ पूर्ण आत बुडते, जेमतेम टोक वर राहतं. चोराच्या फासाला धरायला काही मिळू नये म्हणून केलेली ही रचना. पण माझ्या आईच्या बोटांनाही तिथे धरायला काहीच मिळत नाही. बाहेरचा चोर आणि आतली म्हातारी यांच्यात त्या खुंटीला फरक करता येत नाही. तो फरक कुणीतरी माणसानेच करायला हवा, आणि आमच्या गाडीपुरती ती माणूस मी होते.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना काही सुरक्षा साधनं सक्तीची झाली. चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारा आवाज, ८० च्या पुढे वेग गेला की वाजणारी सूचना, मागचे पार्किंग सेन्सर, हे बहुतेकांना माहीत आहे. त्याच यादीत एक कलम आहे ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही: सेंट्रल लॉकिंग असलेल्या गाडीत वीज दगा देईल तेव्हाही दार हाताने उघडता आलं पाहिजे. मला हे कलम त्या यादीतलं सगळ्यात शहाणं वाटतं. फक्त 'हाताने' या शब्दावर मी आता अडखळते. कुणाच्या हाताने?

आमची गाडी त्या नियमाच्या बरीच आधीची. घेतली तेव्हा तिला सेंट्रल लॉकिंग नव्हतंच. खालचं मॉडेल घ्यायचं आणि बाहेरून सेंट्रल लॉकिंग बसवून घ्यायचं, अशी तेव्हा मध्यमवर्गात रीत होती. डॅशबोर्डच्या खाली एक डबी, चार दारांत चार मोटरी, दोन रिमोट, एका दुपारचं काम. या जोडणीत काही गूढ नाही. ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरीला पाच वायरी असतात. दोन मोटर फिरवायला आणि तीन डबीला कळवायला, की खुंटी वर आहे की खाली. म्हणून ड्रायव्हरची खुंटी दाबली की बाकीची दारं तिच्यामागोमाग बंद होतात. बाकी तीन दारांत नुसत्या दोन वायरींची मोटर. एका दिशेने प्रवाह सोडला की दांडी बाहेर ढकलली जाते, उलट सोडला की आत ओढली जाते. तोही सेकंदापेक्षा कमी वेळ. एकदिश प्रवाहाच्या मोटरीची जोडणी उलटी केली की ती उलटी फिरते, हे मी पंचवीस वर्षं शिकवतेय. माझ्याच गाडीच्या दारात तेच चाललंय हे मात्र त्या आठवड्यात पहिल्यांदा मनात आलं.

शनिवारी नाना पेठेत गेले. पुण्यात गाडीचा सुटा भाग हवा असेल तर शेवटी नाना पेठच. दुकानांना पाट्या असतात, पण लोक दुकानांपेक्षा माणसं ओळखतात. ज्या चाचांकडे मी जाते ते आता सत्तरीच्या पुढचे आहेत. गाडीची वायरिंग हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी मोटर मागितली. त्यांनी काढून दिली नाही.

"मोटर खराब आहे हे कशावरून, ताई?"

मी सांगितलं. सकाळी एखाद्या वेळी चालते, दुपारी चालत नाही. बटण दाबल्यावर दारातून बारीक 'टक' येतो, खुंटी थरथरते आणि थांबते. हाताने ओढली तरी जड लागते. आणि दाराला वास येतो.

वास म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. "थरथरते म्हणजे करंट येतोय. वायर तुटली असती तर टकसुद्धा आला नसता. मोटर मी देतो, पण आधी पॅड काढा आणि पाणी कुठून येतंय ते बघा. नाहीतर चार महिन्यांनी परत याल माझ्याकडे."

पॅड म्हणजे दाराचं आतलं आवरण. मग त्यांनी सांगितलेलं मी दुकानाच्या पायरीवर बसून पिशवीच्या मागे लिहून घेतलं. दार आणि खांब यांच्यामधे जो काळा रबरी पाइप असतो, त्यातून वायरी दारात जातात, आणि दार उघड-बंद होताना तिथेच वाकून वाकून तुटतात. पण असं जास्त करून ड्रायव्हरच्या दारात होतं, कारण तेच दिवसातून वीसदा उघडतं. मागच्या डाव्या दारात वायर तुटायची शक्यता कमी. लॉकच्या हुकात तेल सुकलं असेल तरी खुंटी जड होते, म्हणून मोटरीची दांडी सोडवून नुसती खुंटी हलवून बघायची. नुसती हलकी असेल तर दोष मोटरीत, नुसतीही जड असेल तर हुकात. बोलता बोलता ते मर्सिडीजवर गेले. १९९५ पासून आपल्या पुण्यात ज्या मर्सिडीज बनायला लागल्या, त्या डब्ल्यू १२४ मॉडेलची लॉकं विजेच्या मोटरींवर नव्हती, हवेवर चालायची. एकच पंप, आणि त्याच्यातून निघालेल्या बारीक नळ्या प्रत्येक दारात. पंप हवा भरायचा किंवा ओढून घ्यायचा, की सगळी लॉकं हलायची. "आवाजच यायचा नाही ताई. नुसतं फुस्स." आयुष्यभर वायरी जोडलेल्या माणसाने हे इतक्या मायेने सांगितलं, की मी पिशवीवर तेही लिहून घेतलं.

मोटर सव्वादोनशेला मिळाली. पॅडच्या प्लास्टिकच्या क्लिपा सहा घेतल्या, कारण काढताना दोन-तीन तुटतातच.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कामाला बसले. आई खुर्ची घेऊन समोर बसली, मांडीवर मटारांची परात. दाराचं पॅड काढणं अवघड नसतं, पण घाई चालत नाही. आतल्या हँडलच्या वाटीत एक स्क्रू, हात धरायच्या खाचेत दोन. काच वरखाली करायच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी एक तारेची क्लिप असते. तिला स्क्रू ड्रायव्हरने डिवचत बसलं की पॅडवर ओरखडे पडतात. फडक्याची पट्टी हँडलच्या मागे घालायची आणि बुटाला पॉलिश करताना ओढतात तशी दोन्ही हातांनी इकडून तिकडे ओढायची. पाच-सहा ओढीत क्लिप उडते. कुठे पडते तिकडे लक्ष ठेवायचं. माझी परातीत पडली, आईने मटारांतून काढून दिली. मग खालच्या कडेने बोटं घालून एकेक क्लिप सोडवायची आणि पॅड वर उचलून काढायचं.

पॅड हातात आलं आणि वासही आला. मागचा पुठ्ठा खालच्या भागात फुगून पापडासारखा सुटला होता.

मोटारीच्या दाराबद्दल मला पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नसलेली गोष्ट अशी, की दार आतून ओलं होणं हा दोष नाही. काच जिथे दारात उतरते तिथे रबराची पट्टी असते, पण ती पाणी पूर्ण अडवू शकत नाही. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत दारात जातंच. ते जाणार, हे धरूनच दार बांधलेलं असतं. पाणी बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने खाली उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून रस्त्यावर सांडतं. म्हणजे दाराला दोन खोल्या आहेत, एक ओली आणि एक कोरडी. मधली भिंत म्हणजे एक साधा प्लास्टिकचा कागद, पत्र्याला काळ्या चिकट डिंकाने चिकटवलेला. त्या कागदाची खालची कड पत्र्याच्या आत खोचलेली असते, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणीही ओल्या खोलीतच पडतं. किंमत म्हणाल तर काहीच नाही. पण त्या कागदाच्या भरवशावर पॅड, मोटर, वायरी, स्पीकर आणि आत बसलेल्या माणसाचे कपडे कोरडे राहतात.

आमच्या दारातला कागद कुणीतरी कात्रीने कापला होता. दोन वर्षांपूर्वी या दाराची काच खाली पडली होती, ती एका गॅरेजमध्ये बसवून आणली होती. आत हात जावा म्हणून कागद कापला, काम झाल्यावर वरून खोक्यांना लावतात ती खाकी चिकटपट्टी मारली, आणि खालची कड आत खोचायच्या ऐवजी बाहेर सोडून दिली. पहिल्या पावसातच पट्टी सुटली असणार. दोन पावसाळे पाणी त्या फटीतून थेट मोटरीवर ठिबकत होतं. मला त्या कारागिराचा राग आला, अजूनही आहे. काच छान बसवली होती, तक्रारीला जागा नव्हती. पण जे उघडावं लागलं ते परत जसं होतं तसं बंद करणं हा कामाचाच भाग असतो, आणि पॅड लागल्यावर ते कुणालाच दिसत नाही. जिथे कुणी बघणार नाही तिथे केलेल्या कामावरच माझा आता जास्त विश्वास आहे.

चाचांनी सांगितल्याप्रमाणे आधी वीज तपासली. मोटरीच्या दोन वायरींना टेस्ट लॅम्प लावला आणि आईला रिमोट दाबायला सांगितलं. दिवा क्षणभर लुकलुकला. पुन्हा दाबलं, पुन्हा लुकलुकला. डबी ठीक, वायरी ठीक. मग मोटरीची दांडी लॉकच्या रॉडला जोडणारा छोटा स्क्रू ढिला केला आणि नुसती खुंटी हलवली. लोण्यातून सुरी फिरावी तशी वरखाली झाली. म्हणजे इतके दिवस आई लॉकशी झगडतच नव्हती. गंजून जाम झालेल्या मोटरीची दंतचक्रं ती पदराच्या टोकाने उलटी फिरवू बघत होती.

जुनी मोटर उघडून पाहिली. गरज नव्हती, पण मला बघायचंच होतं. पांढऱ्या नायलॉनच्या दातेरी पट्टीवर काळं ग्रीस सुकून गोळे झालं होतं. कवचाच्या आत, तळापासून बोटभर उंचीवर, एक तपकिरी रेघ होती. विहिरीच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवणारी रेघ असते तशी. त्या रेघेखाली मोटरीचा छोटा धातूचा आस गंजून लाल झाला होता. स्कूटरच्या जुन्या बॅटरीला दोन वायरी टेकवल्या तर ती अर्ध्यापर्यंत सरकली, गुरगुरली आणि थांबली. नवी मोटर त्याच बॅटरीवर एका झटक्यात दोन सेंटिमीटर पुढे आणि दोन सेंटिमीटर मागे गेली. वायर नुसती टेकवून उचलायची असते. धरून ठेवली तर टोकाला अडकलेली मोटर तापून जळते.

मोटर बसवायच्या आधी दाराचा तळ. खालच्या कडेला पाणी जायची तीन भोकं होती, तिन्ही चिखलाने बुजलेली. आईने खराट्याची काडी आणून दिली. पहिल्या भोकात काडी घातली, फिरवली आणि ओढली, तर पळीभर गढूळ पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. त्यात गुलमोहराची बारीक पानं होती. आमच्या फाटकाशी गुलमोहर आहे, गाडी रोज त्याच्याखाली उभी असते. दुसऱ्या भोकातूनही तसंच पाणी आलं. तिसऱ्यातून काही आलं नाही, तिथे माती वाळून दगड झाली होती, ती कोरून काढली. मे महिन्यात, शेवटचा पाऊस होऊन कित्येक महिने झालेले असताना, माझ्या आईच्या दारात पाणी उभं होतं.

पुढचं काम सरळ होतं, तरी जेवायची वेळ टळून गेली. नवी मोटर जुन्याच पट्टीवर बसली. तिची दांडी लॉकच्या रॉडला समांतर हवी. तिरकी राहिली तर प्रत्येक खटक्याला थोडी थोडी झिजते आणि वर्षभरात अडकायला लागते. जोडाचा स्क्रू घट्ट केल्यावर त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब टाकला, म्हणजे हादऱ्यांनी सुटत नाही. वायर मोटरीत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला. पाणी वायरीवरून ओघळलंच तर झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडेल, वर चढून मोटरीत जाणार नाही. हुकात आधी फवाऱ्याचं तेल मारून घाण काढली आणि मग पांढरं ग्रीस भरलं. नुसतं फवाऱ्याचं तेल मारून भागवतात बरेच जण, पण ते जुनं ग्रीस धुऊन नेतं आणि स्वतः उडून जातं. पंधरा दिवस लॉक सुरेख चालतं आणि मग आधीपेक्षा वाईट होतं.

कागद नवा लावला. जाड प्लास्टिक घेतलं, जुन्यावरून माप घेऊन कापलं, काळी चिकट पट्टी चारी बाजूंनी दाबून दाबून बसवली. खालची कड आत खोचली. बोट फिरवून पुन्हा पाहिली. पुन्हा एकदा पाहिली.

पॅड लावायच्या आधी दार उघडं ठेवूनच सगळं तपासायचं असतं. स्क्रू ड्रायव्हरने हूक फिरवून दार बंद असल्यासारखं करायचं, लॉक करायचं, उघडायचं, आणि शेवटी हँडल ओढून हूक परत मोकळा करायचा. मोकळा न करता दार लोटलं तर हूक खांबाच्या कडीवर आपटतो. लॉकच काही कारणाने अडकलं तर बंद दारातून पॅड काढावं लागतं, आणि ते म्हणजे बंद पेटीतून पेटीची किल्ली काढण्यासारखं आहे. आईने रिमोट दाबला. चारही दारांचा आवाज एकदम आला, पण माझा हात त्या दारावर होता म्हणून मला त्याचा वेगळा कळला. इतर तिघांपेक्षा जरा तीक्ष्ण, नवा खटका. तिने सात-आठ वेळा दाबलं. मी थांब म्हटलं नाही.

खुंटीचा प्रश्न अजून उरला होता. मोटर चालली तरी वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि तेव्हा पुन्हा ती बोटं आणि ती खुंटी. यावर चाचांनी पायरीवरच उपाय सांगितला होता. खुंटी रॉडवर आट्यांनी बसवलेली असते. चार-पाच आटे उलटे फिरवले की ती तेवढी वर येते आणि लॉक झाल्यावरही थोडी बाहेर राहते. मी पाच आटे सोडवले. मग सायकलच्या व्हॉल्वला लावतात ती बारीक रबरी ट्यूब घेतली, नखाएवढा तुकडा कापला आणि खुंटीच्या डोक्यावर चढवला. पहिला तुकडा लांब झाला, खाली जाताना पॅडच्या भोकात अडकला. दुसरा बरोबर बसला. याने चोराच्या फासालाही धरायला जागा झाली, हे मला कळतं. असू दे. पंधरा वर्षांच्या गाडीत चोराने न्यावं असं काही नाही, आणि जे खरंच मोलाचं असतं ते मागच्या डाव्या सीटवर बसतं. दोन दिवसांनी मी उजव्या दाराची खुंटीही तशीच केली. हातोडीही माझ्या सीटखालून काढून मागे, सीटच्या पाठीच्या खिशात ठेवली. आई ती चालवू शकणार नाही, पण तिच्या शेजारी नातू बसतो तो चालवू शकेल. त्याला काचेचा कोपरा दाखवून ठेवलाय.

आईने आत बसून दार लावून घेतलं. मी बाहेरून लॉक केलं आणि काचेपाशी उभी राहिले. तिने सवयीने पदर हातात घेतला, मग खुंटीकडे पाहिलं, पदर सोडला आणि तर्जनीच्या वाकड्या पेराची कड रबराखाली लावून खुंटी वर उचलली. बोटांची चिमूट लागलीच नाही. मग आतलं हँडल ओढून दार उघडलं आणि म्हणाली, "वास गेला की गं."

गेल्या आठवड्यात पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. पाऊस सुरू झाला होता. रस्त्याच्या कडेला गाडी लावली, माझ्या बाजूची खुंटी वर ओढली, मागून खटका आला. डिकीतून छत्री आणि फाइल काढून मी वळले तेव्हा आई उतरलेली होती. डाव्या बाजूला, फुटपाथवर उभी राहून दोन्ही हातांनी दार लोटत होती, आणि दाराच्या खालच्या कडेतून तीन ठिकाणांहून पाणी टपटपत होतं.